बाराची फुलं

पहाटे 4

घरामागच्या पडीत काल संध्याकाळीच दोन चर खणून, कडेला दगड लावून ठेवले होते. आचारी आणि त्याचे गडी आले, आल्याआल्या चुली पेटल्या. गेला महिनाभर फोनवर विचारलेला प्रश्न आचाऱ्यानं पुन्हा एकदा विचारला, "पानं किती धरायची?"

आईच्या, म्हणजे आमच्या आक्काच्या, प्रथम पुण्यस्मरणाचा आजचा दिवस. धाकटा भाऊ सातशे पानं म्हणत होता, मामा पाचशे. गावठाण, मळ्यातल्या वस्त्या, पाहुणे आणि शेजारच्या गावांतली भजनी मंडळं धरून मी सहाशेचा आकडा काढला होता. आचारी म्हणाला, "सहाशेच धरा ताई. आमटी वाढवता येती, कमी करता येत न्हाय."

वीस किलो तुरीची डाळ, दहा किलो हरभऱ्याची, पस्तीस किलो तांदूळ. खोबरं, धने, तीळ रात्रीच भाजून ठेवले होते. काळा मसाला घरचा, आणि तो आक्काच्याच अंदाजानं वहिनीनं केलेला. बुंदी नाही, पुरी नाही, पनीर तर नाहीच. जेवण आमटी-भाकरी आणि भात. यावर घरात बरीच चर्चा झाली. "लोक म्हणतील, आईच्या वर्षाला साधी बुंदीबी जमली नाही," असं आत्या म्हणाली होती. पण आमच्या भागात आमटी-भाकरीला कमी लेखता येत नाही. गोदावरीतल्या सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह आठवावा. लाखांचा समुदाय आमटी-भाकरीवर जेवतो आणि भाकरी गावागावांतल्या घरांतून थापून येते. त्या भाकरीत आमच्या घरच्याही भाकरी असायच्या. आक्का स्वतः चुलीपुढे बसायची, घड्या कापडात बांधायची, टेम्पोत चढवून द्यायची. तेव्हा ठरलं ते असं : आमटी आपल्या चुलीवर शिजेल, भाकरी गावातून येईल. घरटी वीस, घरं साठ.

पहाटे 5.30

वर्षश्राद्धाचे विधी आज नाहीत. ते तिथीनं आधीच झाले, प्रवरासंगमला. नेवासा तालुक्यात प्रवरा गोदावरीला मिळते तिथे, पलीकडे कायगाव टोका. आमच्याकडच्या किती पिढ्यांच्या अस्थी आणि दहावे त्या घाटानं पाहिले असतील. आजची आहे ती तारीख. पंचांगाचं चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते. मधे अधिक महिना पडला तर उलट अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. नोकरीवाल्या मंडळींना तारीख सोयीची, घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथी पाळल्याशिवाय चैन नाही. म्हणून हल्ली बहुतेक घरांत दोन्ही होतं : तिथीला घरचे, तारखेला गाव.

आपल्या जिल्ह्यातली दोन मोठी स्मरणं या बाबतीत पाहण्यासारखी आहेत. शिर्डीला साईबाबांनी देह ठेवला 15 ऑक्टोबर 1918 रोजी, विजयादशमीला. तो उत्सव आजही दसऱ्याला, म्हणजे तिथीनं होतो. मेहेरबाबांनी देह ठेवला 31 जानेवारी 1969 रोजी दुपारी सव्वाबाराला. अरणगावजवळ मेहेराबादला त्यांची अमरतिथी दरवर्षी 31 जानेवारीलाच, तारखेनं होते. देशोदेशींची माणसं त्या माळावर जमतात आणि बारा ते सव्वाबारा कोणी बोलत नाही. मी नगरला राहते, त्यामुळे तिथे जाणं होतं. हजारो माणसं आणि नुसता वारा ऐकू येतो. ज्या माणसानं 10 जुलै 1925 पासून अखेरपर्यंत मौन पाळलं, त्याचं स्मरण मौनानंच व्हायला हवं. शिर्डीत पुण्यतिथीला भिक्षा झोळीचा कार्यक्रम असतो, कारण बाबा दारोदार भिक्षा मागत. मोठ्यांचं राहू द्या, पण एवढं त्यांच्याकडून घेता येतं : ज्याचं स्मरण, त्याच्या रीतीनं. आमच्या आक्काची रीत भाकरीची होती. आत्याला हे पटवायला शिर्डीचं उदाहरण कामी आलं.

सकाळी 7

मांडव रात्रीच उभा राहिला. आता बिछायत अंथरायची, व्यासपीठाचा गालिचा ताणायचा, बायकांच्या बाजूला कनात मागे सरकवायची म्हणजे त्यांनाही कीर्तनकार दिसतील. मांडववाल्यानं एलईडी पडदा आणि वरून चित्रण करणारा ड्रोन असं पॅकेज सुचवलं होतं. दोन्ही नको म्हटलं. साउंडवाला मात्र चांगला घेतला आणि जनरेटर वेगळा ठेवला. नेमकी साडेअकराला वीज गेली तर कीर्तनाचा रंग जातो, आणि तो परत जमवता येत नाही.

फ्लेक्स एकच, मांडवाच्या दारात. त्यावर आक्काचा फोटो, नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि कार्यक्रमाच्या वेळा. पुढाऱ्यांचे फोटो नाहीत. पत्रिका छापताना छापखान्यातल्या जुन्या साच्यात खाली 'जि. अहमदनगर' होतं. ते बदलून 'जि. अहिल्यानगर' केलं, 2024 पासून तसंच लिहायचं. बोलताना आम्ही सगळे नगरच म्हणतो. पत्रिकेतली खरी दुरुस्ती दुसरी होती. 'शोकाकुल' या शब्दाखाली भाऊ, चुलते, पुतणे, नातू अशी पुरुषांची लांबलचक रांग लागते. मुली आणि सुना असल्या तर शेवटी. आम्ही आधी लेकी-सुनांची नावं घातली, मग बाकीच्यांची. चुलत्यांनी पत्रिका हातात घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि एवढंच म्हणाले, "माझं नाव हाये ना? मग झालं." खाली एक ओळ ठळक अक्षरात : टॉवेल-टोपी, साडी, आहेर आणू नये.

ही ओळ घरच्यांनाही लागू आहे. नाहीतर अशा कार्यक्रमात पाऊण तास नावं पुकारण्यात आणि टोप्या घालण्यात जातो, आणि बाराला फोटोवर फुलं टाकायची वेळ टळते.

सकाळी 8.15

फुलं आली. झेंडू, गुलाबाच्या पाकळ्या आणि थोडी शेवंती. शेवंती अकोळनेरची. नगरजवळचं हे गाव फुलांसाठी ओळखलं जातं. संतांची चरित्रं ओवीत बांधणारे कीर्तनकार दासगणू महाराज जन्मले तेही तिथेच, 1868 मध्ये.

पुष्पवृष्टीसाठी फुलं अख्खी चालत नाहीत. झेंडू अख्खा फेकला की पुढच्याच्या डोक्याला लागतो, आणि फोटोपर्यंत पोचतही नाही. पाकळ्या मोकळ्या कराव्या लागतात. वीस किलो झेंडू मोकळा करणं हे कीर्तन ठरवण्यापेक्षा जास्त वेळखाऊ काम आहे. घरातली सगळी पोरं ओसरीवर बसवली. मुंबईहून आलेल्या भाच्यानं पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, "हे मशीननी नाही होत?" दहा सुपं काढून ठेवली. पावणेबारा वाजता प्रत्येक सुपामागे दोन पोरं, एक बायकांच्या रांगेत, एक पुरुषांच्या. प्रत्येकाच्या हातात मूठभर पाकळ्या बाराच्या आत पडल्या पाहिजेत. याची रंगीत तालीम काल संध्याकाळी झाली, रिकाम्या सुपांवर.

सकाळी 9

प्रतिमापूजन. हार घालायला आणि समई लावायला काकू पुढे आली. काकूला वैधव्य येऊन बरीच वर्षं झाली. अशा कार्यात ती मागे भिंतीला टेकून बसायची, कोणी बस म्हणायच्या आधीच. आक्का आणि ती एका चुलीवर संसार केलेल्या जावा. आक्काच्या फोटोला पहिला हार तिनं नाही घालायचा तर कोणी? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्यानंतर राज्य शासनानंही तो कित्ता गिरवा असं गावांना कळवलं. कागद निघतो, पण समईपर्यंतची चार पावलं माणसालाच टाकावी लागतात. काकूनं ती टाकली. हात थरथरत होते, पण काडी एकच लागली.

मग आमच्या कार्यक्रमातला वेगळा भाग. श्रद्धांजलीची भाषणं ठेवली नाहीत. त्याऐवजी आक्काबरोबर राबलेल्या चौघींनी माइकवर एकेक गोष्ट सांगायची, प्रत्येकीला पाच मिनिटं. चौघींपैकी तिघींनी आयुष्यात माइक हातात धरला नव्हता. साउंडवाल्यानं माइक स्टँडवर खाली करून दिला, म्हणजे बसून बोलता येईल.

पहिली खुरपणीच्या टोळीतली. ती म्हणाली, आक्का मुकादम असली तरी पात धरायची सगळ्यांच्या आधी, आणि हरळी जिथं जास्त ती पात स्वतःकडं घ्यायची. दुसरीनं सांगितलं की तिच्या लेकीच्या लग्नात ऐनवेळी आमटी कमी पडली, तेव्हा आक्कानं आधणाचं पाणी, मीठ आणि मसाला असा काही वाढवला की चव बदलली नाही. "आजून सांगितलं न्हाई कुणाला, आज सांगते." चुलीपाशी उभा आचारी हसला. तिसरी शेजारीण, उसनवारीबद्दल बोलली. ज्वारी, साखर, चहापावडर, पितळी परात, काय गेलं आणि काय आलं ते आक्काच्या तोंडपाठ असायचं, आणि तरी तिनं कधी कुणाला आठवण करून दिली नाही. चौथी भजनी मंडळातली. ती म्हणाली, "तुमची आई प्रत्येक कीर्तनात झोपायची. पण गजराला बरोबर जागी व्हायची, आन सगळ्यात मोठ्यांदा म्हणायची." मांडव खळाळून हसला. आत्यानं डोळ्याला पदर लावला होता, तीही हसत होती.

अर्धा तास ठरवला होता, बत्तीस मिनिटं झाली. पुढाऱ्यांच्या भाषणांत हा हिशेब कधी जमलेला पाहिला नाही.

सकाळी 10

कीर्तन सुरू. महाराजांची तारीख दिवाळीच्या आधीच घेतली होती. नावाजलेल्या कीर्तनकाराची तारीख मिळणं हा या सगळ्या जुळवाजुळवीचा खिळा असतो. मांडव, आचारी, पाहुणे त्याला बांधले जातात. गाथेतला अभंग महाराज स्वतःच निवडतात. यजमानानं त्यांना तीनच गोष्टी सांगायच्या : माणूस कोण होता, घरात लहान मुलं किती आहेत, आणि बाराला फुलं. मी फोनवर चौथी सांगितली होती, "महाराज, ती कीर्तनात झोपायची." त्यांनी ते निरूपणात असं काही घेतलं की मागे बसलेल्या चारपाच जणी दचकून सावरून बसल्या.

मृदंग, पेटी, चाल म्हणणारे दोघे, मागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा, विणेकरी बाजूला उभा. टाळकरी पंचक्रोशीतले आहेत. त्यांना मानधन नसतं. प्रवासाचं बघायचं, आल्यावर चहा, कीर्तनानंतर पहिल्या पंगतीत बसवायचं. यातलं काही चुकलं तर कोणी बोलत नाही, पण पुढच्या वेळी येतही नाही.

मला कीर्तन ऐकायला बसता आलं नाही. ज्याच्या घरचं कार्य तो कीर्तनाच्या मांडवात कमी आणि मागच्या बाजूला जास्त असतो. त्याची खंत धरू नये. ध्वनिक्षेपकाचा एक कर्णा आचाऱ्याच्या बाजूला तोंड करून बांधायला सांगितला होता, तो त्यासाठीच.

सकाळी 10.45

भाकरी यायला लागली. मोठा भाऊ टेम्पो घेऊन वस्त्यांवर, पुतण्या मोटारसायकलवर गावठाणात. प्रत्येक घरची चवड वेगळ्या कापडात, कापडाच्या गाठीत चिठ्ठी. वहिनी दारात वही घेऊन बसली होती. वहीत घर, भाकरी किती, कापड कुठलं, पाटी किंवा टोपली कुणाची.

ठरल्या होत्या घरटी वीस. आल्या कुठून पंचवीस, कुठून तीस. एका घरातून अकराच आल्या. त्या घरात आजी एकटीच राहते. तिला आम्ही सांगितलंच नव्हतं, तिनं आपणहून थापल्या. ज्वारीची भाकरी सकाळच्या उन्हात कापडात राहिली की मऊ पडते, वाफ धरली की चिकट होते. म्हणून मोठ्या चटईवर पातळ कापड टाकून भाकरी सुटी मांडली, वर ओलसर नाही, कोरडं धुतलेलं लुगडं झाकलं. हे लुगडं आक्काचं. ट्रंकेत ठेवून त्याचं काय करणार होतो?

सकाळी 11.35

एक पुढारी आले. गाडी थांबली, मागे दोन गाड्या. सोबतच्या कार्यकर्त्यानं भावाच्या कानाशी लागून सांगितलं, "साहेब दोन मिनिटं बोलतील." या दोन मिनिटांची आम्हाला महिनाभरापासून कल्पना होती. त्यासाठी मामांना दारात उभं केलं होतं. मामा वयानं मोठे, साहेबांना नावानं ओळखणारे. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, आज बोलायचं न्हाई, फुलं टाकायची." आणि स्वतः त्यांना पुढच्या सतरंजीवर घेऊन गेले. साहेब बसले. मला वाटतं त्यांनाही बरं वाटलं असावं. आजच्या दिवसात त्यांना असे आणखी किती मांडव करायचे असतील.

पावणेबाराला सुपं निघाली.

दुपारी 12

मांडव उभा राहिला. विठ्ठलाचा गजर, टाळांचा कडकडाट, मृदंग द्रुत लयीत, आणि बाराच्या ठोक्याला सहाशे मुठी उघडल्या. आक्काचा फोटो डोळ्यांपर्यंत झेंडूत बुडाला. सुपांची कामगिरी चोख झाली. फक्त मुंबईचा भाचा आपल्या सुपातल्या पाकळ्या वाटायच्या विसरून स्वतःच गजरात हात वर करून उभा होता. त्याच्या रांगेतल्या बायकांनी शेजारच्या रांगेतून घेतल्या.

मग आरती आणि पसायदान. ज्ञानेश्वरी सांगून झाल्यावर ज्ञानदेवांनी ते मागितलं, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, इथून जवळच नेवाशात. ज्या खांबाला टेकून त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली असं म्हणतात तो पैस खांब आजही तिथे आहे. आमच्या तालुक्यातली माणसं पसायदान जरा सावकाश म्हणतात. घरचं आहे, घाई कशाला.

दुपारी 12.20

पहिली पंगत. टाळकरी, म्हातारी माणसं, लांबून आलेले पाहुणे आणि लेकुरवाळ्या. पत्रावळ, द्रोण, भाकरी चुरायची, वर आमटी. वाढपी गावातली तरुण पोरं. बादली कुणाकडे, भात कुणाकडे, पाणी कुणाकडे हे काल ठरलेलं. आमटी वाढणाऱ्याला आचाऱ्याचा एकच नियम, "बादली तळापासून हलवून वाढ, न्हाईतर पहिल्या रांगेला पाणी आन शेवटच्या रांगेला डाळ."

तिसऱ्या पंगतीला आमटी घट्ट झाली. आचाऱ्यानं आधणाचं पाणी घातलं आणि दुसऱ्या बाईनं सकाळी सांगितलेली युक्ती तिच्यासमोरच करून पाहिली. तिनं चाखून मान डोलावली. चौथ्या पंगतीला ऊसतोडीच्या टोळ्यांमधली माणसं फडावरून आली, त्यांना काल निरोप दिला होता. ती पोटभर जेवली आणि त्यांच्यातल्या बायांनी निघताना न सांगता पत्रावळी गोळा केल्या.

घरच्या बायकांची पंगत सगळ्यात शेवटी असते. आज त्यांना तिसऱ्या पंगतीत बसवलं, वाढायला भाऊ आणि भाऊजी. वहिनी उठायला पाहत होती, भावानं बस म्हटलं. "आमटी कुठं सांडली तर तूच पुसणार, ते म्हाईत हाये," ती म्हणाली आणि बसली.

दुपारी 4

मांडव उतरला. उरलेला भात आणि आमटी वस्तीवरच्या टोळ्यांना दिली, भाकरी वाळवायला पसरली. वाळलेल्या भाकरीचे तुकडे आठवडाभर गाईला. निर्माल्य नदीत सोडायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, ते पोत्यांत भरून उकिरड्यात गेलं. पुढच्या वर्षीचं खत.

भांडी घासून झाली आणि अंगणात ज्याची त्याची वेगळी मांडायची होती. हे काम सोपं, कारण प्रत्येक पातेल्यावर, परातीवर नाव कोरलेलं असतं. कुणाच्या लग्नात मिळालेलं, कुणाच्या बारशातलं. पुतण्यानं नावं वाचत टेम्पो भरला. कापडं मात्र वहिनीच्या वहीवरूनच ओळखावी लागली.

संध्याकाळी 6

हिशेब. महाराजांचं पाकीट, मृदंगवाले, गायक, मांडव, साउंड, आचारी, फुलं, पाण्याचे जार. ज्याचं त्याला आजच दिलं. मुलं आणि मुली असे चौघांनी सारखे वाटे घेतले. मुलींकडून पैसे घ्यायला मोठा भाऊ तयार नव्हता. "पत्रिकेत नाव आधी आमचं आहे, वाटाही आमचा," असं म्हटल्यावर घेतले.

रात्री 8.30

चुलते आणि मामा निघाले. आत्या आजची रात्र राहणार. भावानं दिवसभराचे कागद एकत्र केले, पावत्या टाचल्या आणि त्यावर भाकरीची वही ठेवून म्हणाला, "हे सगळं कपाटात ठेवतो."

वहिनीनं वही काढून घेतली. "पावत्या ठेवा कपाटात. ही चुलीपाशी राहील." तिनं ती उघडून आम्हाला दाखवली. डाव्या पानावर आलेल्या भाकरी, उजवं पान कोरं. उजव्या पानावर फेड लिहायची. आक्का हे तोंडपाठ ठेवायची, वहिनी म्हणाली, मला लिहूनच ठेवावं लागेल. मग तिनं पेन मागितलं आणि उजव्या पानावर पहिली ओळ लिहिली : परवा, खालच्या आळीत दहावा, वीस भाकरी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही परवा सकाळच्या गाडीनं जाणार ना? मग दहा तुम्ही थापा."